अर्दियाच्या गोदामातले काजवे

"मावशी, आवरा पटकन. आज तुमचे काजवे बघायला जायचंय," असं ताई म्हणाल्या तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते, आणि मला खरंच वाटलं की गावाला जायचं ठरलं.

शुक्रवारची सकाळ. बॅगा भरलेल्या नाहीत, तिकिटं काढलेली नाहीत, आणि मी वेड्यासारखी विचारते, "आज? आजच?"

"हो, आजच. अर्दियाला. तिथे म्हणे एका गोदामात मोठं जंगल केलंय. झाडंबिडं, मधून वाट, पुढे बोगदा आणि बोगद्यात चमकणारे किडे. यांच्या ऑफिसातले सगळे जाऊन आले."

मी म्हटलं, "हो का," आणि पुन्हा कणीक मळायला लागले. ती त्या दिवशी इतकी सैल झाली की पोळ्या लाटताना पोळपाटाला चिकटत होत्या. ताईंनी तशाच खाल्ल्या. त्या कधीच नावं ठेवायच्या नाहीत.

हे काजव्यांचं प्रकरण मीच सुरू केलेलं. मी ताईंच्या घरी आले तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती. कुवेतमध्ये फहाहीलला, समुद्राच्या बाजूला, उंच इमारतीत घर. साहेब शुऐबाच्या प्लांटमध्ये इंजिनिअर, ताई बँकेत. पोर जेवायची नाही. घास गालात धरून बसायची आणि माझ्याकडे बघत राहायची. जेवताना टीव्ही लावायचा नाही हा ताईंचा नियम. मग मी गावाच्या गोष्टी सांगायची. बिबट्याची सांगितली तर रडायची, म्हशीची सांगितली तर हसून घास बाहेर. काजव्यांची सांगितली आणि घास आपोआप खाली उतरला. तेव्हापासून काजवे रोजचेच झाले.

माझं गाव अकोले तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला. आमच्या वाडीतून ओढ्याकडे एक पायवाट उतरते. दोन्ही बाजूंना हिरडा, सादडा, जांभूळ. वर फांद्या एकमेकींत गेलेल्या, त्यामुळे दिवसासुद्धा आत अंधारलेलं. मे संपत आला की त्या वाटेवर काजवे येतात. एक-दोन नाही. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं, पुन्हा पेटतं. एका झाडाचं बघून दुसरं, दुसऱ्याचं बघून तिसरं, असं ओढ्यापर्यंत.

"बटण कोण दाबतं?" ती विचारायची. तेव्हा ती मराठीत बोलायची.

"त्यांच्यात एक हेडमास्तर असतो."

"तो रागावतो?"

"घास गालात धरला तर रागावतो."

पुढे ती शाळेत जायला लागली आणि तिचं बोलणं इंग्रजी झालं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत सांगते. इतक्या वर्षांत मला तिचं कळायला लागलं, तिला माझं कळतंच. काजवे मात्र ती "काजवे"च म्हणायची. त्याला तिला दुसरा शब्द नको असायचा.

आणि माझी स्वतःची मुलगी. मी इकडे आले तेव्हा ती चौथीत होती. भावाकडे ठेवली. मी सातवीत शाळा सोडली, तिने सोडू नये एवढ्यासाठीच हे सगळं. ती शिकली, बारावी झाली, आता तिला नर्सिंगला जायचंय. मध्ये मी एकदाच घरी गेले होते. ती माझ्या खांद्याला लागत होती आणि मला कुठे हात लावायचा ते कळत नव्हतं. डोक्यावरून फिरवला तर तिने केस नीट केले.

ताईंबद्दल आणि साहेबांबद्दल वाईट शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही. पित्ताशयात खडे झाले तेव्हा माझं ऑपरेशन त्यांनी करवलं आणि ताई बँकेत रजा टाकून माझ्या उशाशी खुर्चीवर बसून राहिल्या. माझ्यासाठी! सख्खी बहीण बसली नसती. पासपोर्ट माझ्याच कपाटात. अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कधी एक दिवस उशिरा नाही. खालच्या बागेत इतर घरच्या बायका भेटतात, त्यांचं ऐकलं की अंगावर काटा येतो. मी वर येते, देवाला हात जोडते आणि पुन्हा भीती वाटायला लागते. साहेब घरी लवकर आले की भीती, उशिरा आले की भीती. ताई दार लावून फोनवर बोलायला लागल्या की माझा हात भांड्यावरच थांबतो. चांगली माणसं मिळाली की ती जाण्याची भीती जास्त, असं माझं झालंय.

गेल्या दिवाळीत मी गावाला व्हिडिओ लावला होता. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"काय गं, केलास का फराळ?"

"शंकरपाळी केली. करपली जरा," माझी मुलगी म्हणाली.

"आम्ही येणार हं तुमच्या गावाला. जूनमध्ये हिची सुट्टी लागली की लगेच. काजवे बघायला. येऊ ना?"

"या ना. पण आमच्याकडं नेट ओट्यावरच लागतंय, आत नसतंय."

"मग तर फारच छान! हिला तसंच पाहिजे. आणि तुझ्या आईलाही घेऊन येतो बरोबर, मग तर झालं?"

"कोंबडं ठेवते राखून."

"अगं, आम्ही नाही खात. पिठलं-भाकरी कर."

पोर मागून ओरडत होती, काजवे, काजवे. सगळे हसत होते. मीही हसत होते.

इथे माझं चुकलं, आणि ते कसं चुकलं हे मला नीट सांगायला हवं. आमच्या वाडीत कोणी "येतो" म्हणालं की त्याचे तांदूळ निवडून ठेवतात. येत नसेल तर माणूस येतो म्हणतच नाही. गप्प राहतो, नाहीतर "बघू" म्हणतो. ताईंकडची रीत वेगळी. पुण्याच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना शेवटी त्या नेहमी म्हणायच्या, "हो हो, येऊ ना नक्की, तुम्हीपण या." फोन ठेवला की साहेबांना म्हणायच्या, "कोण जातंय आता कोथरूडला." त्यात खोटेपणा नव्हता. फोन ठेवताना तसं म्हणायचं असतं. हे मी वर्षानुवर्षं माझ्या कानांनी ऐकलेलं, भाजी चिरता चिरता ऐकलेलं. तरी आम्हाला म्हटलं तेव्हा मला वाटलं, हे खरं.

तिकडे तयारी सुरू झाली. भावाने ठरवलं, शहरातलं पोर, त्याला उकिडवं बसता येणार नाही. राजूरच्या बाजारातून खुर्चीचा संडास आणला. मोटारसायकलवर. माझी मुलगी मागे बसून ते भांडं मांडीवर धरून आली आणि रस्ताभर लोक विचारत होते, "काय गं, रुखवताला का?" तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसून हसून बेजार. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो. मग भिंती सारवल्या, एक खोली मोकळी केली, ओढ्याच्या वाटेवरची करवंदीची जाळी तोडली, पाहुण्यांच्या पायाला ओरखडे नकोत म्हणून. आणि सगळ्या वाडीला सांगून झालं: आई येणार, जूनमध्ये, कुवेतचे पाहुणे घेऊन.

मी ताईंना संडासाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, कशाला एवढा खटाटोप!" संध्याकाळी त्यांनी ते मैत्रिणीला फोनवर सांगितलं, मोटारसायकलसकट, आणि किती साधी माणसं असतात गं, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. मला वाटलं, झालं, आता नक्की.

नंतर साहेबांचं काँट्रॅक्ट संपलं. त्यांच्या जागी इथला माणूस घ्यायचा असं वर ठरलं होतं. काही दिवस साहेब नुसते बसून असायचे, चहा थंड व्हायचा. मग कॅनडाचे कागद आले, पुष्कळ दिवस अडकलेले. एप्रिल संपताना निघायचं ठरलं. घरातल्या वस्तूंचे फोटो निघायला लागले. परकी माणसं येऊन सोफ्यावर बसून बघायची, फ्रिजमध्ये डोकं घालायची. गावाबद्दल कोणी काही बोललं नाही. मी मनाशी गणित घालायची: एप्रिलमध्ये पुण्याला जातील, थांबतील थोडं, जूनमध्ये गावाला येतील, मग कॅनडा. असं असू शकतं. का नाही? रोज ठरवायची, आज विचारते. रोज ताईंचा थकलेला चेहरा बघून म्हणायची, उद्या.

आणि मग हा शुक्रवार.

त्या दिवशी धूळ होती. आभाळ पिवळट, समुद्र दिसतच नव्हता. पोर मागे माझ्याजवळ बसली, पायात लाईटवाले बूट. साहेब बऱ्याच दिवसांनी शर्ट इन करून निघाले होते. ताई पुढून वळून वळून माझ्याकडे बघत होत्या, सरप्राइज देणाऱ्या माणसासारख्या.

"मावशी, एकदम गप्प का? गाव आठवलं ना?"

"हो."

"थांबा, आता बघाच तुम्ही."

अर्दियाच्या त्या भागात सगळी गोदामंच. टायरची दुकानं, थंड मालाचे ट्रक, लोखंडी शटरं. त्यातल्या एका शटरवर हिरवं पान रंगवलेलं आणि बाहेर ही रांग. आत शिरल्यावर आधी थंडी लागली, मग ओल. वरून पाइपांतून बारीक धुकं सोडत होते. झाडं होती, बरीचशी खरी. ती पिंपांत लावलेली आणि पिंपं सालपटांनी लपवलेली. मध्येच एखादं प्लास्टिकचं, पण इतकं चांगलं की मी पान चुरगाळून बघितलं. रातकिडे ओरडत होते, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. वास मातीचा नव्हता, भिजलेल्या काथ्याचा होता. वाट मात्र छान केली होती, वळत वळत, लाकडाचा भुसा टाकून. काचेच्या पेट्यांत काडीसारखे किडे, पानासारखे किडे. पोर पाट्या मोठ्याने वाचत पुढे पळत होती आणि साहेब तिच्या मागे.

बोगदा आला. खडकासारखा लिंपलेला, तोंडाशी वेली सोडलेल्या, आत काळोख. आणि मी काय केलं, तर चपला काढल्या. विचारबिचार काही नाही. आमच्याकडे डोंगरात अशा कपारी असतात, आत देव असतो, तोंडाशी चपला निघतातच. माझं बघून पोरीने बूट काढले. तिचं बघून मागच्या कोणा केरळी बाईनेही एक सँडल काढली.

"अहो मावशी, देऊळ आहे का ते!" साहेब म्हणाले.

दारावरचा माणूस ओरडला, "सिस्टर, शूज पहनो, शूज! पानी है नीचे."

"पप्पा, मावशी डिड इट," पोर म्हणाली, जणू एवढं कारण पुरेसं होतं. ती केरळी बाई हसत सुटली, ताई हसल्या, साहेबही हसले. साहेबांना हसताना मी फार दिवसांनी बघत होते.

आत गेलो. एकदम काही दिसेना. पोरीने माझा हात धरला. मग डोळे सरावले आणि वर छताला, बाजूला काचेमागे, ठिपके दिसायला लागले. निळसर. बारीक. शेकड्याने. लोक "आ" करत होते. मोबाइल बंद ठेवायला लावले होते, त्यामुळे तेवढाच उजेड. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. कुठल्या तरी लांबच्या देशातून आणलेले किडे, खरे, जिवंत. दारावरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, रियल, रियल, काच ठोकू नका.

पोर मान वर करून उभी होती. उभीच. पुढे सरकेना. मागचे लोक ढकलायला लागले.

"चल ना बाळा," ताई म्हणाल्या.

"वेट. दे विल गो ऑफ."

ती ते विझायची वाट बघत होती. सगळे एकदम विझतील, मग सगळे एकदम पेटतील. इतकी वर्षं मी तिला तेच तर सांगितलं होतं. पण ते किडे विझणारे नव्हतेच. ते आपले तसेच जळत राहिले.

"मावशी," तिने माझा हात हलवला. मग चक्क मराठीत विचारलं, बऱ्याच दिवसांनी मराठीत, "हे तुझे काजवे आहेत?"

अंधारात मला ताईंचा चेहरा अर्धाच दिसत होता. त्या माझ्याकडेच बघत होत्या. साहेबही. त्यांनी हे माझ्यासाठी केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. निघायच्या गडबडीत, फ्रिज विकला गेलेला, डोक्यावर एवढं ओझं, त्यातून त्यांनी माझा विचार केला. मावशींना त्यांचे काजवे दाखवू. आणि दाखवले की झालं. दिलेला शब्द फिटला. ते बोलले काहीच नाहीत, पण त्या चेहऱ्यांवर ते आनंदासारखं पसरलं होतं.

मी नाही म्हटलं असतं तर? एवढंच म्हणायचं होतं, नाही गं, हे वेगळे, आपले वेगळे, ते गावाला गेल्यावर दिसतील. सरळ वाक्य. जिभेवर आलंही होतं.

"हो," मी म्हटलं. "हेच ते."

"सेम?"

"अगदी सेम."

तिने अजून एकदा वर बघितलं. जरा हिरमुसली, असं मला वाटलं. मग म्हणाली, "देन वी डोन्ट हॅव टू गो, ना, मम्मा? यू सेड द टॉयलेट इज आउटसाइड."

"अगं! असं नाही बोलायचं," ताई घाईने म्हणाल्या आणि तिला पुढे ओढलं.

म्हणजे बोलून झालं होतं त्यांचं. घरात, दार लावून, आधीच बोलून झालं होतं. मी त्या निळ्या ठिपक्यांखाली उभी राहिले. मागचा माणूस "यल्ला, यल्ला", चला चला, करत होता. मी भिंतीला हात लावत पुढे सरकले. बाहेर उजेडात आलो तेव्हा ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघितले ना? रडू येतंय का? साहजिक आहे हो."

गाडीत साहेबांनी विषय काढला. त्यांच्या ओळखीचं मराठी कुटुंब आहे, आयटीतलं, बाळ झालंय आता. बाई हवी आहे. माणसं सज्जन. अकामा लगेच त्यांच्या नावावर करून घेतील, मला एक दिवसही काळजी नको.

"मी त्यांना सांगितलंय, तुम्हाला अशी बाई मिळणार नाही," साहेब म्हणाले. "आम्हाला तुमची व्यवस्था लावल्याशिवाय जायचंच नव्हतं."

"फार उपकार झाले, साहेब," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं. मग कशी कोण जाणे, जीभ सुटली. "आणि गावाचं?"

साहेबांनी एसी वाढवला.

"मावशी," ताई वळून म्हणाल्या, "आता कसं जमणार सांगा? इथून थेट जायचंय आम्हाला. पुण्यालासुद्धा जाता येत नाहीये. आणि तसंही..." त्या थांबल्या. "आज बघितले ना काजवे. अगदी तुम्ही म्हणता तसेच."

"हो. अगदी तसेच."

"तुम्हाला एकटीला जायचं असेल तर आम्ही तिकीट काढून देऊ, खरंच," साहेब म्हणाले. "पण मग ते लोक थांबणार नाहीत. त्यांना एक तारखेपासूनच पाहिजे. आणि पुन्हा व्हिसा मिळेल का, कोणी सांगावं."

"दोन वर्षांनी सुट्टी देतीलच की ते," ताई म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी."

पोर माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती. तिच्या बुटांतले दिवे गाडी हलली की लागायचे. मी विचार करत होते की माझ्या पोरीचं नर्सिंग यंदाच लागणार. नोकरी सोडून गेले तर ते राहिलं. नाही गेले तर मी राहिले. यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच, पण ते मी ठरवलं असं आयुष्यभर म्हणायचं होतं.

"मी थांबते, साहेब," मी म्हटलं. "कळवा त्यांना."

ताईंनी सुस्कारा सोडला, सुटल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. माझी मुलगी ओट्यावर बसली होती, मागे सारवलेली भिंत दिसत होती.

"बरं झालं लावलास. मामा विचारतोय, राजूरपासून एक गाडी पुरल का दोन लागतील? त्यांचं सामान लई असणार ना?"

"कोणी नाही येत गं."

"म्हणजे?"

मी सांगितलं. कॅनडा, साहेबांची नोकरी. बोगद्याचं नाही सांगितलं. मी हो म्हटल्याचं तर नाहीच. ती ऐकत होती. तिचं तोंड जराही हललं नाही. लहानपणी इंजेक्शन घेताना ती अशी बसायची.

"मग तू?"

"मला नवीन घर मिळालंय. मराठीच आहेत. बाळ आहे, महिन्याचं. लगेच जायचंय."

"म्हणजे तू पण नाय."

"दोन वर्षांनी..."

"बरं."

"अगं, तुझं कॉलेज..."

"माहितीये मला. बरं म्हटलं ना." ती खाली बघत होती. मग म्हणाली, "पण वाडीत काय सांगू? सगळ्यांना सांगून बसलेय मी."

"सांग, पोरगी आजारी पडली म्हणून रद्द झालं."

तिने ओट्यावरची माती नखाने खरवडली.

"कुठली पोरगी सांगू, आई?" तिने विचारलं. "ती का मी?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. खोटं सांगायचं तर नीट ठरवून सांगावं, या हिशेबाने. मी "तीच गं, ती," असं काहीतरी म्हटलं. मग तिला मामीने हाक मारली आणि ती उठून गेली. फोन तिने ओट्यावर ठेवला होता, बंद करायला विसरली. मला वरचं छप्पर दिसत राहिलं आणि लांब कुठेतरी ती मामीला सांगत असलेली ऐकू आली, "नाय येणार. कुणीच नाय."

ताई गेल्या. विमानतळावर पोर माझ्या गळ्यात पडून रडली. तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. मग शाळा लागली असेल. तिकडची वेळ आणि इकडची वेळ जुळत नाही, असं ताईंनी कळवलं.

नवीन घरची माणसं चांगली आहेत. वहिनी मला आधी खाऊन घ्यायला सांगतात. बाळ रडकं आहे, पण माझ्याकडे आलं की थांबतं. ते बोलायला लागेल, जेवायला लागेल, तेव्हा त्याला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. जून लागलाय. ओढ्याच्या वाटेवर आता ते असतील. करवंदीची जाळी तोडली आहे, त्यामुळे सरळ खालपर्यंत दिसत असेल.

मुलीचं नर्सिंगला नाव लागलं. फोन करते ती, दर रविवारी, न चुकता. तब्येत विचारते, बाळ विचारते. व्हिडिओ मात्र लावत नाही. रेंज नसते म्हणते. मागे त्याच ओट्यावरून लावायची, तेव्हा रेंज असायची. मी तसं म्हणत नाही. ती बोलत असते आणि मी फोन कानाला दाबून धरते.